कंटेनर, हार्ड लिंक आणि डिस्क कोटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका सर्व्हरवर दहा-बारा कंटेनर (एकाच लिनक्सवर चालणारे, पण एकमेकांपासून वेगळे ठेवलेले कप्पे), प्रत्येकाला डिस्कची ठरावीक मर्यादा (कोटा), आणि जागा वाचावी म्हणून सगळीकडे सारख्या असलेल्या फाइली हार्ड लिंकने जोडलेल्या. अशी मांडणी जिथे असते तिथे एक तक्रार ठरलेली: "माझ्या कंटेनरमध्ये काही नाही, तरी जागा संपली म्हणतोय." शेजारचा कंटेनरवाला मात्र खुशीत, कारण त्याच्या नावावर जवळपास काहीच लागत नाही. पुढचे प्रश्न याच गोंधळातले आहेत. सगळं लिनक्सबद्दल आहे, मुख्यतः एक्सएफएस आणि ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमबद्दल. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; त्यांतलं 'उणे' म्हणजे वजाचं चिन्ह आणि 'अधिक' म्हणजे बेरजेचं. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची.

दोन कंटेनरमध्ये हार्ड लिंक असलेली फाइल कोणाच्या कोट्यात मोजली जाते?

एकाच्याच. कोणाच्या, हे त्या फाइलच्या आयनोडवर लिहिलेलं असतं. फाइल कोणत्या फोल्डरमध्ये दिसते याला कोटा विचारत नाही.

आयनोड ही फाइलची मूळ नोंद. मालक युजर कोण, ग्रुप कोणता, आकार किती, डेटाचे ब्लॉक डिस्कवर कुठे आहेत, या आयनोडला एकूण किती नावं आहेत आणि प्रोजेक्ट क्रमांक काय, एवढं त्यात असतं. फाइलचं नाव त्यात नसतं. नाव डिरेक्टरीत असतं आणि त्यापुढे आयनोडचा क्रमांक. हार्ड लिंक केली की दुसऱ्या एखाद्या डिरेक्टरीत त्याच क्रमांकापुढे आणखी एक नाव लागतं, इतकंच. त्यात पहिलं नाव अस्सल आणि दुसरं नक्कल असा भेद राहत नाही.

कोटा ब्लॉक मोजतो आणि ब्लॉक आयनोडच्या खात्यावर असतात. भाड्याच्या खोलीत चौघं राहतात, विजेचं मीटर एकाच्या नावावर असतं. पंखा कोणीही लावला तरी बिल मीटरवाल्याला येतं. हार्ड लिंकचं अगदी तसंच आहे.

मग जितकी नावं तितके भाग करून प्रत्येकाला थोडा थोडा भार का लावत नाहीत?

ऐकायला न्याय्य वाटतं, पण आयनोडला आपली नावं कुठे कुठे आहेत हे ठाऊकच नसतं. त्याच्याकडे फक्त आकडा असतो: तीन नावं, पाच नावं. ती कोणत्या डिरेक्टरीत आहेत हे शोधायचं तर आख्खी फाइलसिस्टिम चाळावी लागेल.

शिवाय समजा वाटणी केलीच, तर शेजाऱ्याने त्याच्याकडचं नाव पुसलं की तुमचा वापर आपोआप वाढेल. तुम्ही काही न करता मध्यरात्री तुमची मर्यादा ओलांडली जाईल. आत्ताचा नियम एकतर्फी असला तरी तो कोणाचा आकडा परस्पर हलवत नाही. निदान रोजच्या वापरात तरी नाही. अपवाद पुढे येतोच आहे.

युजर कोटा, ग्रुप कोटा, प्रोजेक्ट कोटा: कंटेनरसाठी कोणता?

प्रोजेक्ट कोटा. बाकीचे दोन कंटेनरसाठी घडवलेलेच नाहीत.

युजर कोटा मालकाच्या युआयडीवर, म्हणजे युजर क्रमांकावर चालतो. कंटेनरमध्ये आतला रूट म्हणजे युआयडी ०, पण युजर नेमस्पेस (आतले युआयडी बाहेर वेगळ्या आकड्यांवर बसवणारी सोय) वापरली असेल तर बाहेर डिस्कवर तो १००००० किंवा असाच कुठलासा आकडा होऊन पडतो. कोटा बाहेरचा, म्हणजे डिस्कवरचा आकडा बघतो. दोन कंटेनरना एकच रेंज दिली असेल, जे बरेच जण सहज करतात, तर दोघांचा वापर एकाच खात्यात जमा होतो. युजर नेमस्पेस नसेल तर सगळ्यांचे रूट एकच, आणि युआयडी ० ला मर्यादा लावण्यात अर्थ नाही.

प्रोजेक्ट कोट्यात मालक कोणीही असो, आयनोडवर एक वेगळा क्रमांक असतो. कंटेनरच्या मुख्य डिरेक्टरीला १००१ दिला आणि 'वारसा' फ्लॅग लावला की आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आणि डिरेक्टरी तो क्रमांक घेऊनच जन्माला येते. ही कल्पना एक्सएफएसबरोबर आयरिक्स या जुन्या युनिक्सच्या काळापासून चालत आली आहे. ईएक्सटी४ मध्ये ती २०१६ साली, कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.५ मध्ये आली.

लावायचा कसा?

एक्सएफएसवर माउंट करतानाच (म्हणजे फाइलसिस्टिम जोडतानाच) 'पीकोटा' पर्याय द्यावा लागतो. नंतर रीमाउंट करून तो चालू होत नाही. रूट फाइलसिस्टिमवर हवा असेल तर कर्नलच्या बूट ओळीत 'रूटफ्लॅग्ज' मधून द्यायचा. एफएसटॅबमध्ये (माउंटच्या यादीच्या फाइलमध्ये) लिहून काही होत नाही, आणि इथे पुष्कळांचा अर्धा दिवस जातो. मग 'एक्सएफएस-कोटा' कमांडमधल्या 'प्रोजेक्ट उणे एस' ने डिरेक्टरीला क्रमांक द्यायचा आणि 'लिमिट उणे पी' ने मर्यादा.

ईएक्सटी४ वर 'ट्यून-टू-एफएस' ने 'प्रोजेक्ट' आणि 'कोटा' ही दोन फीचर चालू करायची, 'पीआरजेकोटा' देऊन माउंट करायचं, आणि 'सीएच-ॲटर' ने क्रमांक व मोठ्या पी चा वारसा फ्लॅग लावायचा. खूप जुन्या, १२८ बाइटच्या आयनोडवर बनवलेल्या ईएक्सटी४ ला हे जमत नाही, कारण प्रोजेक्ट क्रमांक ठेवायला आयनोडमध्ये जागाच नसते.

क्रमांक देताना ० सोडून द्या. ० म्हणजे 'कोणाचाच नाही', त्याला मर्यादा लागत नाही.

दोन्ही डिरेक्टरी एकाच डिस्कवर आहेत, तरी लिंक करणारी 'एलएन' कमांड म्हणते 'इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक'. हे काय?

याची दोन कारणं असू शकतात आणि संदेश दोन्हीकडे तोच येतो.

पहिलं कारण प्रोजेक्ट कोटा. जिथे नवं नाव लावायचं आहे त्या डिरेक्टरीवर वारसा फ्लॅग असेल आणि तिचा प्रोजेक्ट क्रमांक फाइलच्या क्रमांकापेक्षा वेगळा असेल, तर कर्नल लिंक करू देत नाही. रूट असलात तरी नाही. एक्सएफएस आणि ईएक्सटी४ दोघांचा नियम सारखा. कारण सरळ आहे: लिंक होऊ दिली असती तर १००२ च्या झाडात (डिरेक्टरी आणि तिच्या आतल्या सगळ्यात) १००१ ची फाइल बसली असती आणि हिशेब बिघडला असता. 'क्रॉस-डिव्हाइस' हा शब्द दिशाभूल करणारा आहे, पण त्यासाठी वेगळा एरर कोड नाही.

याच नियमामुळे फाइल हलवणारा 'एमव्ही' सुद्धा हळू चालतो. एकाच डिस्कवर फाइल हलवणं म्हणजे क्षणाचं काम, अशी सवय असते. इथे नाव बदलण्याला नकार मिळतो आणि 'एमव्ही' निमूटपणे कॉपी करून मूळ पुसतो. ४० जीबीची फाइल असेल तर ते जाणवतं.

दुसरं कारण बाइंड माउंट. एकच फाइलसिस्टिम दोन ठिकाणी माउंट केली असेल तर त्या दोन माउंटच्या आरपार हार्ड लिंक होत नाही, खाली डिस्क तीच असली तरी. कंटेनरच्या आतून एका व्हॉल्यूममधून दुसऱ्या व्हॉल्यूममध्ये लिंक करायला गेलात की हेच आडवं येतं. कोटा बंद करून पाहिलात तरी चालणार नाही. होस्टवरून (कंटेनरबाहेरच्या मूळ सर्व्हरवरून), मूळ माउंटच्या मार्गाने तीच लिंक होऊन जाते. त्यामुळे कारण ओळखायचं असेल तर तीच कमांड होस्टवरून चालवून बघा. तिथेही नकार आला तर प्रोजेक्ट क्रमांक, झाली तर बाइंड माउंट.

कर्नल आडवतो म्हणता, मग आमच्याकडे दोन कंटेनरमध्ये लिंक आल्या कुठून?

कोटा लावायच्या आधीपासूनच्या असतील. बहुतेक ठिकाणी गोष्ट अशीच असते: आधी जागा वाचवायची स्क्रिप्ट आली, 'हार्डलिंक' कमांडने सगळ्या कंटेनरमधल्या सारख्या फाइली एक केल्या, आणि दीड वर्षाने कोणाला तरी कोटा आठवला. कर्नल फक्त नवी लिंक करताना तपासतो. आधीच्या लिंकांबद्दल तो काही बोलत नाही.

इथेच तो अपवाद येतो. समजा 'आंबा' आणि 'फणस' असे दोन कंटेनर आहेत आणि ६०० एमबीची एक फाइल दोघांच्या झाडात आहे. आयनोड एक, नावं दोन.

'आंबा'च्या झाडावर 'प्रोजेक्ट उणे एस' चालवलं, क्रमांक १००१. कमांड एकेक फाइल घेत आत उतरते आणि आयनोडवर १००१ लिहिते. अहवालात आंबा: ६०० एमबी.

आता 'फणस'च्या झाडावर, क्रमांक १००२. तीच फाइल तिला दुसऱ्या नावाने भेटते. ती आयनोडवर १००२ लिहून पुढे जाते. अहवालात फणस: ६०० एमबी, आंबा: ०.

उद्या कोणी पुन्हा 'आंबा'वर चालवलं की परत उलट. म्हणजे ज्याच्या झाडावर शेवटी फिरलं त्याच्या गळ्यात. आणि रूटने चालवलेलं असल्यामुळे मर्यादा ओलांडली तरी ते अडत नाही. फणसाची मर्यादा ५०० एमबी असली तरी ६०० लागतात, त्या वेळी काही एरर येत नाही. फणसातल्या डेटाबेसला पुढचा ब्लॉक हवा असतो तेव्हा येतो.

मी एकदा नेमका हाच सापळा तीन दिवस शोधत होतो. दर रात्री अडीचच्या सुमारास एका कंटेनरचा वापर नऊ-दहा जीबीने वाढायचा आणि सकाळी दुसऱ्याचा तेवढाच कमी दिसायचा. बॅकअपवर संशय, लॉगवर संशय, शेवटी डेव्हलपरवरही संशय घेऊन झाला. निघालं असं की कोणीतरी 'सुरक्षित असावं' म्हणून 'प्रोजेक्ट उणे एस' क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) टाकलं होतं, आणि दोन झाडं आळीपाळीने एकमेकांवर तीच फाइल ढकलत होती. ते 'कोणीतरी' मीच होतो, आठ महिन्यांपूर्वीचा.

तपासायला 'प्रोजेक्ट उणे सी' आहे. ते काही बदलत नाही, ज्या फाइलचा क्रमांक झाडाशी जुळत नाही ती दाखवतं. दोन्ही झाडांवर आधी हे चालवा.

मी माझ्याकडची फाइल पुसली. वापर कमी का झाला नाही?

शेवटचं नाव जाईपर्यंत आयनोड जात नाही. तुम्ही तुमचं नाव पुसलंत, लिंकची संख्या २ वरून १ झाली, ब्लॉक जागेवर. आणि आयनोडवर तुमचा प्रोजेक्ट क्रमांक असेल तर तुमच्या झाडात आता ती फाइल दिसतही नाही, पण भरता मात्र तुम्हीच. शोधायला गेलात तर आपल्या घरात सापडणार नाही.

हा प्रकार कंटेनरच्या कितीतरी आधीचा आहे. युनिक्सवर एकाच डिस्कवर अनेक युजर असायचे तेव्हा दुसऱ्याच्या फाइलला लिंक मारून ठेवायची, म्हणजे बिचाऱ्याने पुसली तरी त्याचा कोटा सुटत नाही, असली खोडी करता यायची. लिनक्समध्ये २०१२ साली, कर्नल ३.६ पासून 'प्रोटेक्टेड हार्डलिंक्स' नावाची सेटिंग आली: फाइल तुमची नसेल, आणि तुम्हाला ती वाचता व लिहिता येत नसेल, तर तिला लिंक करता येत नाही. कर्नलमध्ये ती मुळात बंद असते, पण सेवा सुरू करणारं सिस्टिमडी ती चालू करून ठेवतं. बंद असेल तर चालू करा, नुकसान काही नाही.

फाइल खरोखर नको असेल आणि तिच्यावर तुमचा हक्क असेल, तर पुसायच्या आधी 'ट्रंकेट' ने तिचा आकार शून्य करा. ब्लॉक लगेच सुटतात. मात्र दुसऱ्या नावाने ती बघणाऱ्यालाही मग रिकामी फाइलच मिळेल. त्याला न विचारता हे करू नका.

लिंक एकच होती आणि तरीही जागा सुटली नाही, तर कुठला तरी प्रोसेस ती फाइल उघडी धरून बसला असेल. 'एलएसओएफ अधिक एल १' ने दिसेल. त्याचा हार्ड लिंकशी संबंध नाही, पण दोन्ही तक्रारी एकाच वाक्यात येतात म्हणून इथे लिहिलं.

आणि शेजारच्या कंटेनरने त्या फाइलमध्ये लिहिलं तर?

वाढलेले ब्लॉक आयनोडवर ज्याचा क्रमांक आहे त्याच्या खात्यात. लिहितो फणस, भरतो आंबा. आणि आंब्याची मर्यादा संपलेली असेल तर एरर फणसाला येतो, त्याच्या स्वतःच्या कोट्यात भरपूर जागा शिल्लक असताना. असा एरर वाचून कोणीही चक्रावून जाईल.

कोट्यापेक्षा मोठी अडचण अर्थात ही, की दोघांचा डेटा एकच आहे. एकाने लायब्ररी 'जागच्या जागी' बदलली तर दुसऱ्याची पण बदलली. पॅकेज मॅनेजर सहसा नवी फाइल बनवून जुन्या नावावर आणतात, त्यामुळे लिंक आपोआप तुटते आणि काही बिघडत नाही. स्क्रिप्टमधून शेवटी ओळ जोडली की तुटत नाही.

जुन्या लिनक्स-व्हीसर्व्हरने यावर छान उपाय काढला होता. तिथे कंटेनरना पाहुणे म्हणत आणि सारख्या फाइली हार्ड लिंकने एक करणं हा त्याचा नेहमीचा वापर होता. अशा फाइलवर खास फ्लॅग असायचा. पाहुण्याने लिहायला घेतलं की कर्नल आधी लिंक तोडून त्याला स्वतःची प्रत द्यायचा आणि मग लिहू द्यायचा. साध्या कर्नलमध्ये ही सोय कधी आली नाही. आज तेच काम ओव्हरलेएफएस ही थरांवर थर ठेवणारी फाइलसिस्टिम वेगळ्या मार्गाने करते.

डॉकरमध्ये कोण भरतं?

ओव्हरले-२ मध्ये (ओव्हरलेएफएसवर चालणाऱ्या डॉकरच्या पद्धतीत) इमेजचे, म्हणजे कंटेनरच्या तयार साच्याचे थर खाली, वाचण्यापुरते असतात; कंटेनरचं लिखाण वरच्या थरात होतं. मर्यादा फक्त वरच्या थराला लागते. इमेज १ जीबीची असो वा ८, कंटेनरच्या खात्यात शून्य. एकाच इमेजवर वीस कंटेनर चालवले तरी खालचे थर एकदाच डिस्कवर असतात आणि कोणाच्याही कोट्यात नसतात. हार्ड लिंकने जे साधायचं होतं ते इथे फुकट मिळतं.

'स्टोरेज-ऑप्ट साइज' देऊन कंटेनरला मर्यादा लावता येते, पण खाली एक्सएफएस असायला हवी आणि ती 'पीकोटा'ने माउंट केलेली. ईएक्सटी४ वर डॉकर ही मर्यादा घेत नाही. व्हॉल्यूम आणि बाइंड माउंटमध्ये गेलेली जागाही या मर्यादेत मोजली जात नाही.

खरा फटका वरच्या थरात कॉपी होण्याचा. खालच्या थरातल्या फाइलला नुसतं लिहायला उघडलं, किंवा 'सीएचमॉड' केलं, तरी आख्खी फाइल वर येते. कंटेनर सुरू होताना 'सीएचओन उणे आर' चालवणाऱ्या स्क्रिप्ट पुष्कळ इमेजमध्ये असतात. २ जीबीचा मॉडेलचा फोल्डर असेल तर मालक बदलण्यापायी २ जीबी कोट्यातून गेले. 'मेटाकॉपी' पर्याय चालू असेल तर हे टळतं. तो गृहीत धरू नका. त्यापेक्षा इमेज बनवतानाच मालक बरोबर लावा.

खालच्या थरात एकाच फाइलची दोन नावं असतील आणि त्यातल्या एकाला लिहिलं, तर तेवढं एकच नाव वर येतं आणि दोन्हींचा संबंध तुटतो. 'इंडेक्स' पर्याय चालू असल्याशिवाय ओव्हरलेएफएसला ते जोडलेले आहेत हे आठवत नाही.

कुबरनेटिसमध्ये?

अनेक सर्व्हरवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या या प्रणालीतही प्रोजेक्ट क्रमांक वापरायची सोय आहे, आणि क्रमांक १०४८५७६ पासून सुरू होतात. ती फक्त मोजण्यासाठी आहे, अडवण्यासाठी नाही. मर्यादा ओलांडली तर क्युबलेट (प्रत्येक सर्व्हरवरचा तिचा कारभारी) पॉडला, म्हणजे कंटेनरच्या गटाला बाहेर काढतो. फायदा असा की जागा मोजणाऱ्या 'डीयू'ने झाड चाळावं लागत नाही. तुमचे स्वतःचे क्रमांक या पट्ट्यात येऊ देऊ नका.

'डीयू', 'डीएफ' आणि कोट्याचा अहवाल, तीन आकडे तीन तऱ्हांचे. खरा कोणता?

तिघंही खरे बोलतात, वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

'डीयू' नावं चालत जातो. एका फेरीत एक आयनोड दोनदा भेटला तर एकदाच मोजतो. म्हणून आंबा आणि फणस एकाच कमांडमध्ये दिलेत तर ६०० एमबी पहिल्याच्या नावापुढे दिसतात. क्रम उलटा करा, दुसऱ्यापुढे. वेगवेगळ्या कमांडने विचारलंत तर दोघांपुढेही ६००, आणि बेरीज केली तर डिस्कवर नसलेले ६०० एमबी जास्तीचे येतात. प्रत्येक नाव मोजायचंच असेल तर 'उणे एल' द्या.

अहवाल आयनोडवरचा क्रमांक बघतो. कोट्याचा निवाडा त्यावरच होतो, त्यामुळे भांडण मिटवायचं असेल तर हाच धरायचा.

'डीएफ' एरवी पूर्ण डिस्कचं सांगतो, पण प्रोजेक्ट मर्यादा असलेल्या डिरेक्टरीत चालवला तर त्या मर्यादेलाच डिस्कचा आकार म्हणून दाखवतो. कंटेनरमधल्या माणसाला वाटतं आपली स्वतंत्र १० जीबीची डिस्क आहे. हे बरंच आहे, फक्त होस्टवाल्याने त्यावरून डिस्कचा अंदाज बांधू नये.

एरर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतो, 'डिस्क कोटा एक्सीडेड' नाही. मग कोटा नसावा ना?

असू शकतो. एक्सएफएस प्रोजेक्ट कोटा संपला की 'नो स्पेस' च म्हणते. ईएक्सटी४ 'कोटा एक्सीडेड' म्हणते. एक्सएफएसवर असाल तर डिस्क खरोखर भरली की मर्यादा, हे होस्टवर जाऊनच कळेल.

आयनोडच्या संख्येची मर्यादा वेगळी असते तीही बघा. हार्ड लिंकने तो आकडा वाढत नाही, आयनोड तर एकच.

कंटेनरमधला रूट कोटा चुकवू शकतो का?

ईएक्सटी४ वर ज्या प्रोसेसकडे होस्टच्या पातळीवर 'सिस-रिसोर्स' ही कॅपॅबिलिटी (खास अधिकार) आहे त्याला कडक मर्यादासुद्धा लागू होत नाही. डॉकर ती मुळात देत नाही, पण 'प्रिव्हिलेज्ड' चालवलंत की मिळते. युजर नेमस्पेसमधल्या रूटला ती होस्टच्या पातळीवर नसते, म्हणून तो मर्यादेत राहतो. एक्सएफएसवर रूटलाही प्रोजेक्ट मर्यादा लागते.

दुसरी पळवाट जास्त साधी, आणि फार थोड्यांना माहीत असते. युजर नेमस्पेस नसेल तर फाइलचा मालक आपल्या फाइलचा प्रोजेक्ट क्रमांक स्वतः बदलू शकतो. ० केला की सुटला. नेमस्पेसच्या आतून मात्र क्रमांक बदलू दिला जात नाही. भाडेकरू अनोळखी असतील तर युजर नेमस्पेस वापरल्याशिवाय प्रोजेक्ट कोट्यावर विसंबू नका.

हार्ड लिंकऐवजी रिफ्लिंक वापरली तर?

कोट्याच्या दृष्टीने ती खूपच सरळ आहे. रिफ्लिंकमध्ये दोन वेगळे आयनोड तेच ब्लॉक वाटून घेतात, आणि कोणी लिहिलं की तेवढेच ब्लॉक वेगळे होतात. एक्सएफएसवर ती वेगवेगळ्या प्रोजेक्टमध्येही होते. प्रत्येक आयनोडच्या खात्यात पूर्ण आकार लागतो: आंब्याला ६००, फणसालाही ६००, डिस्कवर प्रत्यक्षात ६००.

म्हणजे वाचलेली जागा भाडेकरूंना दिसत नाही, होस्टवाल्याला मिळते. मला हा व्यवहार आवडतो. कोणी कोणाचं बिल भरत नाही आणि कोणाच्या पुसण्याने दुसऱ्याचा आकडा हलत नाही. ईएक्सटी४ मध्ये रिफ्लिंक नाही.

बीटीआरएफएस किंवा झेडएफएस?

प्रश्नच उद्भवत नाही. कंटेनर वेगळ्या सबव्हॉल्यूममध्ये किंवा डेटासेटमध्ये ठेवतात, आणि त्यांच्या आरपार हार्ड लिंक होत नाही.

सर्व्हर बदलला आणि सगळ्यांचा वापर एकदम वाढला. का?

फाइली नेणाऱ्या 'आरसिंक'ला मोठा एच दिला नसेल. त्याशिवाय तो हार्ड लिंक ओळखत नाही, प्रत्येक नावाची स्वतंत्र फाइल करतो. आणि दिला असेल तरी प्रत्येक कंटेनर वेगळ्या फेरीत नेला असेल तर दोघांमधल्या लिंका तुटणारच. खरं सांगायचं तर कंटेनरमधल्या लिंका सोडवायला इतकी चांगली संधी पुन्हा मिळत नाही. नव्या डिस्कवर जागा असेल तर तुटू द्या.

मग सारख्या फाइली वाटून घ्यायच्या तर कशा?

एक सामाईक डिरेक्टरी, तिला स्वतःचा वेगळा प्रोजेक्ट क्रमांक, आणि प्रत्येक कंटेनरमध्ये ती वाचण्यापुरती बाइंड माउंट. तिचा खर्च होस्टच्या नावावर लागतो आणि अहवालात वेगळ्या ओळीत दिसतो. लिहिता येत नसल्यामुळे शेजाऱ्याच्या फाइल बिघडवण्याचा प्रश्न नाही. हार्ड लिंक एकाच कंटेनरच्या आत वापरा, बॅकअपच्या रोजच्या प्रती ठेवायला तर जरूर वापरा. तिथे सगळ्या नावांचा क्रमांक एकच असतो.

सध्या दोन कंटेनरमध्ये अडकलेल्या फाइली शोधायच्या कशा?

होस्टवर, एका कंटेनरच्या झाडात 'फाइंड' चालवा: साध्या फाइली, 'लिंक्स अधिक १', आणि प्रत्येकीचा आयनोड क्रमांक व लिंकची संख्या छापायला सांगा. मग त्या यादीत तो आयनोड किती वेळा आला ते मोजा. लिंकची संख्या ३ आणि यादीतही तीनदा, तर सगळी नावं घरातच आहेत, सोडून द्या. संख्या ३ आणि यादीत दोनदाच, तर तिसरं नाव बाहेर कुठेतरी आहे. ते फाइलसिस्टिमच्या मुळापासून 'फाइंड'ला 'सेमफाइल' देऊन सापडतं. 'एक्सडेव्ह' द्यायला विसरू नका, नाहीतर तो प्रॉकपासून सगळीकडे भटकत बसेल.

सापडलेल्या फाइलची त्याच डिरेक्टरीत दुसऱ्या नावाने कॉपी करा, 'सीपी उणे ए' ने, म्हणजे मालक आणि परवानग्या टिकतील, आणि मग 'एमव्ही' करून ती मूळ नावावर आणा. नवी कॉपी त्या डिरेक्टरीचा क्रमांक घेऊन येते आणि तेवढा वापर लगेच वाढतो, तेव्हा आधी मर्यादेत तितकी जागा आहे ना ते बघा. डेटाबेसच्या फाइली असतील तर आधी तो कंटेनर बंद करा.